एक्क्यांची जोडी आणि पैजेची मर्यादा

पोकरच्या टेबलाभोवती दहा जण बसले आहेत. प्रत्येकाला दोन पाने उपडी वाटली गेली आणि तुमच्या वाट्याला दोन एक्के आले. या खेळात सुरुवातीला याहून बळकट जोडी नाही. सरासरी २२१ डावांत एकदाच ती हाती येते. आता समजा, कुणीही माघार घेतली नाही आणि दहाही जण शेवटच्या पानापर्यंत टिकून राहिले. तुमचे एक्के जिंकण्याची शक्यता किती? साधारण ३१ टक्के. म्हणजे सर्वोत्तम पाने हाती असूनही तीनपैकी दोन वेळा तुमची हार ठरलेली.

तरीही या डावात पैसे लावणे हाच योग्य निर्णय आहे. दहा जणांनी प्रत्येकी १०० रुपये लावले तर मध्ये १००० रुपयांचा ढीग होतो. त्यातला ३१ टक्के वाटा, म्हणजे ३१० रुपये, सरासरीने तुमचा. लावलेले १०० वजा जाता २१० रुपये हाती उरतात. समोर एकच प्रतिस्पर्धी असता तर तुम्ही १०० पैकी ८५ वेळा जिंकला असता, परंतु सरासरी लाभ ७० रुपयांवरच थांबला असता. गर्दी वाढली की हरण्याचे प्रसंग वाढतात आणि त्याबरोबर लाभही वाढतो.

हा हिशेब राष्ट्रीय घडामोडींच्या स्तंभात मांडण्याचे कारण असे की, गेली जवळपास सात दशके आपली न्यायव्यवस्था प्रत्येक पैशाच्या खेळाला एकच प्रश्न विचारत आली आहे: यात कौशल्य अधिक की नशीब? उत्तर ‘कौशल्य’ आले तर तो व्यवसाय आणि त्याला राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(छ)चे संरक्षण. ‘नशीब’ आले तर तो जुगार आणि पोलिसांचा विषय. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांपुरता हा भेदच मोडीत काढला, आणि त्या कायद्याला दिलेली आव्हाने सर्वोच्च न्यायालयात पोहोचली आहेत. माझ्या मते मूळ प्रश्नच सदोष होता. ते समजण्यासाठी एक्क्यांची जोडी प्रत्यक्षात कशी खेळली जाते, हे थोडे खोलात जाऊन पाहिले पाहिजे.

पोकरच्या ज्या प्रकाराबद्दल मी बोलतो आहे त्याला ‘लिमिट होल्डेम’ म्हणतात. हा अमेरिकेतला, टेक्सासच्या नावाने ओळखला जाणारा खेळ. प्रत्येकाजवळ दोन झाकलेली पाने असतात. मग टेबलावर तीन, एक आणि एक अशी पाच सामायिक पाने उघडली जातात. सात पानांतून ज्याचा पाच पानांचा संच सर्वांत वरचढ, त्याचा ढीग. पैजेच्या चार फेऱ्या होतात. ‘लिमिट’ या शब्दाचा अर्थ असा की पैजेची रक्कम आधीच ठरलेली असते. समजा, पहिल्या दोन फेऱ्यांत पैज दहा रुपयांची आणि पुढच्या दोन फेऱ्यांत वीस रुपयांची. एका फेरीत सहसा एक पैज आणि तीन वाढी, एवढीच मुभा. म्हणजे संपूर्ण डावात एका माणसाचे फार तर २४० रुपये जाऊ शकतात. त्याच्या खिशात लाख रुपये असोत, समोरच्याने कितीही डिवचो, आकडा २४० च्या पुढे सरकत नाही.

या चौकटीत बळकट जोडी कशी खेळावी? नवखा खेळाडू सहसा ती लपवून ठेवतो, समोरच्याला गाफील ठेवून शेवटी मोठा घाव घालू म्हणतो. लिमिटच्या खेळात मोठा घाव घालताच येत नाही, म्हणून ही चतुराई बहुधा अंगाशी येते. जाणता खेळाडू पहिल्याच फेरीत पैज वाढवतो आणि मुभा असेपर्यंत वाढवत राहतो. कारण आपली बाजू सरस असताना ढिगात पडणाऱ्या प्रत्येक रुपयात आपला वाटा मोठा असतो. पुढे टेबलावर धोक्याची पाने उघडली की तो हात आखडता घेतो आणि समोरच्याची बाजू भारी झाल्याचे स्पष्ट दिसले की एक्केही टाकून देतो. एक्क्यांवरचा जीव सोडता येणे ही या खेळातली अवघड विद्या.

मात्र एक गोष्ट त्याच्या हाती नसते: दुबळ्याला हुसकावून लावणे. समजा, टेबलावर चार पाने उघडली आहेत आणि समोरच्याला बदामाचा रंग पुरा होण्यासाठी आणखी एक बदाम हवा आहे. न दिसलेल्या ४६ पानांपैकी नऊ बदाम आहेत. म्हणजे त्याच्या विरुद्ध साधारण चारास एक असे पारडे. ढिगात १०० रुपये आहेत आणि तुम्ही नियमाप्रमाणे २० लावले. आता त्याला २० रुपये देऊन १२० जिंकण्याची संधी मिळते, म्हणजे सहास एक. त्याने थांबणेच शहाणपणाचे आहे. त्याचा बदाम आला आणि तुमचे एक्के हरले, तर त्याला मूर्ख म्हणण्यात अर्थ नाही. मर्यादा नसती तर तुम्ही १०० रुपये लावून त्याच्यासमोर दोनास एक असा तोट्याचा सौदा ठेवला असता आणि त्याला उठावे लागले असते. पैजेची मर्यादा बलवानाच्या हातून धाकाचे हत्यार काढून घेते.

एकेकाळी अमेरिकेतल्या पत्त्यांच्या क्लबांत हाच प्रकार सर्रास चाले. २००३ मध्ये टेनेसीतला एक हिशेबनीस, ख्रिस मनीमेकर, इंटरनेटवरच्या स्वस्त पात्रता फेरीतून थेट जागतिक स्पर्धेत पोहोचला आणि २५ लाख डॉलर जिंकून आला. ती स्पर्धा अमर्याद पैजेची होती. दूरचित्रवाणीने तिचा थरार घरोघरी नेला, इंटरनेटवरचा पोकर फोफावला आणि मर्यादेचा खेळ मागे पडला. भारतात पोकर मोबाइलवर आला तो या लाटेनंतर.

मर्यादेचा खेळ मागे पडला तरी त्याने विज्ञानाला एक धडा दिला. जानेवारी २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी दोघांत खेळला जाणारा लिमिट होल्डेम व्यवहारतः पूर्ण सोडवल्याचे जाहीर केले. ४,८०० संगणकीय प्रक्रियक ६८ दिवस चालवून ‘सेफियस’ नावाची कार्यपद्धती तयार झाली होती. ‘सोडवला’ याची त्यांची व्याख्या मोठी बोलकी आहे: एखाद्याने ताशी २०० डाव, दिवसाचे १२ तास, ७० वर्षे खेळले तरी ही पद्धती परिपूर्ण खेळाहून वेगळी आहे, असे त्याला खात्रीने सांगता येणार नाही. तिच्या खेळातील एक तपशील मला विशेष वाटला. वाटप करणाऱ्याच्या जागी बसलेली ही यंत्रणा पहिल्या फेरीतली शेवटची वाढ जवळजवळ कधीच करत नाही. हाती एक्क्यांची जोडी असली तरी तिने ती वाढ करण्याचे प्रमाण दहा हजारांत एकापेक्षा कमी आहे. त्या जागेवरच्या खेळाडूची पाळी पुढच्या प्रत्येक फेरीत शेवटी येते. समोरच्याने काय केले ते पाहून निर्णय घेता येत असेल, तर आपले सारे बळ पहिल्याच फेरीत उघड करण्याची गरज उरत नाही.

यावरून कौशल्य आणि नशीब यांच्याविषयी काय कळते? एका डावापुरते पाहिले तर नशीब सर्वस्व आहे. दहा जणांत एक्के तीनपैकी दोनदा हरतात. हजारो डावांचा हिशेब मांडला तर नशीब जवळपास पुसले जाते आणि कौशल्यच उरते. दोन्ही विधाने एकाच खेळाविषयी खरी आहेत. मग ‘यात कौशल्याचे प्राबल्य आहे काय’ या प्रश्नाला ‘किती डावांत?’ असा प्रतिप्रश्न केल्याशिवाय उत्तर संभवत नाही. ही मोजपट्टी आपल्या कायद्याने कधी ठरवलीच नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून या घोळाची वंशावळ मला सांगितली पाहिजे. १८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्याने ‘निव्वळ कौशल्याच्या खेळा’ला सूट दिली. १९५७ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा व्यापारच नव्हे, म्हणून त्याला मूलभूत हक्काचे कवच नाही, असे ठरवले. त्याच परंपरेत कौशल्याच्या स्पर्धांना मात्र कवच मिळाले. पुढे सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात रमी प्राधान्याने कौशल्याचा खेळ ठरली. १९९६ मध्ये लक्ष्मणन खटल्यात घोड्यांच्या शर्यतीही त्याच रांगेत आल्या. रमीच्या निकालात न्यायालयाने एक सावध वाक्य घातले होते: क्लबचा मालक या खेळातून नफा काढत असेल, तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो. ऑनलाइन कंपन्यांच्या युक्तिवादांत कौशल्याचा भाग ठळकपणे उद्धृत होतो आणि हे वाक्य मागे राहते.

पोकरच्या वाट्याला तर राज्यागणिक निराळे नशीब आले. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने पोकरला नाव घेऊन जुगाराच्या व्याख्येतून वगळले. नागालँडने आपल्या कायद्यात त्याला कौशल्याच्या खेळांच्या यादीत बसवले. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगार ठरवले. तमिळनाडूने २०२२ मध्ये रमी व पोकर यांना नशिबाचे खेळ म्हणून बंदीच्या अनुसूचीत टाकले. मद्रास उच्च न्यायालयाने पुढच्या वर्षी कायदा राखला, पण त्या अनुसूचीला या दोन खेळांपुरते मोडून काढले. तेच दोन एक्के कोलकात्यात छंद आणि अहमदाबादेत अपराध. खेळ बदलला नव्हता. फक्त मोजपट्टी नसल्याने प्रत्येकाने आपापल्या हाताने माप घेतले.

याहून गंभीर दोष नैतिक आहे. कौशल्य हे खेळाच्या निर्दोषतेचे प्रमाणपत्र आहे, असे आपण गृहीत धरत आलो. प्रत्यक्षात खेळात कौशल्य जितके अधिक, तितका नवख्याचा पराभव निश्चित. शुद्ध नशिबाच्या खेळात, घरमालकाने काही कापले नाही तर, दीर्घकाळात सारे जवळपास बरोबरीत राहतात. कौशल्याच्या खेळात पैसा अजाणत्याकडून जाणत्याकडे नियमाने वाहतो. त्यावर प्रत्येक ढिगातून खेळवणाऱ्याचा हिस्सा निघतो. जुगाराच्या अड्ड्यावर त्यालाच ‘नाल’ म्हणतात. परीक्षेची तयारी करणारा मुलगा मोबाइलवर ज्यांच्याशी खेळतो, त्यांत रोज आठ तास खेळणारे असतात, आणि एखादी संगणकप्रणालीही असू शकते. न्यायालयात ज्या कौशल्याचा गौरव होतो, तेच त्याच्या घराच्या कर्जाचे कारण असते.

मनाचाही एक खेळ असतो. एक्के जिंकले की माणूस म्हणतो, मी चांगला खेळलो. हरले की म्हणतो, नशीब फुटके. बळकट पानांवर झालेली हार त्याला अन्याय वाटते आणि अन्यायाची भरपाई मागायला तो पुन्हा टेबलावर येतो. यात वेगाची भर पडते. प्रत्यक्ष टेबलावर तासाला सुमारे ३० डाव होतात. एक्क्यांची वाट सात तासांहून अधिक पाहावी लागते. पडद्यावर एकाच वेळी चार टेबले मांडून, प्रत्येकी तासाला ६० डावांच्या गतीने, ती तासाभरात येते. आशेचा आणि निराशेचा तोच फेरा सातपटींहून अधिक वेगाने फिरू लागतो.

जिल्हा दंडाधिकारी असताना जुगारावरील छाप्यांची कागदपत्रे माझ्यासमोर येत. पंचनाम्यात पानांची संख्या असे, जप्त रोकड असे, सतरंजीचीही नोंद असे. कोण किती हरला, त्याची ऐपत किती होती आणि नाल किती निघाली, यासाठी रकानाच नव्हता. खेळ कोणता, एवढेच कायद्याला हवे होते. हानी कुणाची आणि किती, हे त्याने कधी विचारले नाही.

२०२५ च्या कायद्याचे श्रेय हे की त्याने हा प्रश्न उलटा केला. खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो वा दोहोंचा, पैसे लावून खेळवला जाणारा ऑनलाइन खेळ निषिद्ध. खेळवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड. खेळणाऱ्यास शिक्षा नाही. बँकांना असे व्यवहार पार पाडण्यास मनाई. खेळणाऱ्याला बळी मानणे आणि पैशाची वाट अडवणे, दोन्ही गोष्टी समंजस आहेत. पण निदान बरोबर असूनही औषध एकच ठरले, तेही पूर्ण मात्रेत.

सरकारचाच अंदाज पाहा: सुमारे ४५ कोटी लोक वर्षाला सुमारे २०,००० कोटी रुपये गमावतात. भागाकार केला तर माणशी ४५० रुपयेही होत नाहीत. ही रक्कम कुणाला देशोधडीला लावत नाही. अर्थात सरासरी इथे फसवी आहे: बहुतेकांनी किरकोळ गमावले आणि थोड्यांनी सर्वस्व. ज्या आत्महत्यांच्या बातम्यांनी संसदेला हलवले, त्या या थोड्यांच्या घरच्या होत्या. हानी अशी टोकाला साचलेली असेल, तर नेमके टोक छाटणारा उपाय हवा, आणि त्याचे नाव मर्यादा. २०१८ मध्ये विधी आयोगाने आपल्या २७६ व्या अहवालात हेच सुचवले होते: बंदी अशक्य असेल तर नियमन करा आणि व्यक्तीच्या व्यवहारांची संख्या व रक्कम यांना कमाल मर्यादा घाला. तो अहवाल चर्चेपुरता उरला.

यावर दोन आक्षेप येतील, आणि ते वजनदार आहेत. पहिला, टेबलाला मर्यादा घातली तर माणूस दहा टेबलांवर बसेल. खरे आहे, म्हणून मर्यादा टेबलाला नव्हे, माणसाला हवी: ओळख पडताळलेल्या एकाच खात्यावर महिन्याला ठरावीक रकमेपलीकडे हार नाही, सर्व मंचांवर मिळून. देयक व्यवस्थेत जो देश रुपयाचा मागोवा क्षणात घेतो, त्याला हे अशक्य नाही. दुसरा आक्षेप, सरकारने खेळातून महसूल घेतला की त्याची जीभ जड होते. हाही खरा. ऑक्टोबर २०२३ पासून जमा रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. त्याने कुणाची हार मर्यादित झाली नाही, खेळाडूंच्या पैशात वाटेकरी मात्र वाढला. म्हणून कर ही मर्यादा नव्हे, हे आधीच मान्य केले पाहिजे.

बंदीच्या बाजूने आणि नियमनाच्या बाजूने बोलणारे दोघेही आपल्या परंपरेत जुनेच आहेत. मनूने राजाला द्यूत राज्यातून हद्दपार करण्यास सांगितले. कौटिल्याने द्यूताध्यक्ष नेमला, खेळ एकाच ठिकाणी आणला, जिंकलेल्या रकमेवर पाच टक्के घेतले आणि अन्यत्र खेळणाऱ्यास दंड ठेवला. त्याला चोर हुडकण्यासाठीही ही जागा सोयीची वाटली. दडवलेला खेळ राज्याच्या नजरेतून सुटतो, हे त्याने ओळखले होते. आज अड्डा दडायला गल्ली लागत नाही. परदेशातला सर्व्हर पुरतो, आणि तिथे ना वयाची चौकशी, ना हारीची मर्यादा. उलट या कायद्याच्या कक्षेबाहेर, मांडवी नदीतल्या तरंगत्या कॅसिनोंत पैशाचा खेळ राजरोस चालू आहे. एकाच देशात मोबाइलवरचा दहा रुपयांचा डाव गुन्हा आणि जहाजावरचा लाखाचा डाव पर्यटन, हे सामान्य नागरिकाला पटवणे कठीण.

माझे म्हणणे पोकरची वकिली करण्याचे नाही. अमर्याद पैजेचा ऑनलाइन खेळ बंदच राहावा. मात्र ठरीव पैज, व्यक्तीनिहाय मासिक हारीची कमाल, डावांचा मंद वेग, नालेवर नियंत्रण, संगणकप्रणालींना मज्जाव आणि प्रत्येक मंचाने किती जण किती हरले याचा जाहीर ताळेबंद, एवढ्या अटींवर छोट्या खेळाला परवानगी देऊन पाहावी. न्यायालयानेही या निमित्ताने कौशल्य-नशिबाच्या तराजूला निरोप द्यावा आणि हानीच्या प्रमाणात निर्बंध या तत्त्वावर कायद्याची परीक्षा घ्यावी.

संसदेतले बहुमत ही राज्यसत्तेची एक्क्यांची जोडी आहे. संपूर्ण बंदी ही तिला मुभा असलेली शेवटची वाढ. ती पहिल्याच फेरीत झाली. वाटप करणाऱ्याच्या जागी राज्यसत्ताच बसलेली असते आणि प्रत्येक फेरीत तिची पाळी शेवटची असते. नियम घालावेत, परिणाम पाहावेत, कमी पडले तर घट्ट करावेत, याला तिला कुणी अडवलेले नाही. इतकी सोय हाती असताना घाई कशासाठी?